कोठीतले चार खिळे

ज्या सकाळी कात्री शालनच्या हातातून आरपार गेली, त्या सकाळी शिवायचे ब्लाऊज ढिगानं पडले होते, त्यामुळे आश्चर्य करायला तिला सवड झाली नाही. कात्री खाली पडली. उचलायला वाकली, तर बोटं कात्रीतून आमटीच्या वाफेतून निघावीत तशी निघाली. तिनं माप घ्यायची टेप उचलून पाहिली. टेप उचलली गेली. खडू, लाकडी पट्टी, पितळेचा तांब्या, सगळ्यांनी गुमान ऐकलं. टाचणीनं मात्र ऐकलं नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की बाकी काही बिघडलेलं नाही, फक्त लोखंड आपल्याला ओळखेनासं झालंय.

हे दुसऱ्या कुणाच्या घरात झालं असतं, तर एक वेळ खपून गेलं असतं. शालनचा नवरा दिनकर मिस्त्री जयसिंगपुरात गेट आणि ग्रील बनवायचा. खाली त्याचा कारखाना, वर घर, आणि मधे त्यानंच वेल्डिंग केलेला लोखंडी जिना. खिडक्यांना लोखंड, गॅलरीला लोखंड, निजायची कॉट लोखंडाची, इतकंच काय, तुळशीची कुंडीसुद्धा लोखंडी तिवईवर. अशा घरातल्या बाईच्या अंगी लोखंडाशी ओळख राहू नये! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"आवो, कात्री धरवंना झालीया," तिनं गॅलरीतून खाली सांगितलं.

"धार गेली असंल," दिनकर म्हणाला आणि त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

पुरुषमाणसाकडून याहून जास्त तिनं कधी मागितलंही नव्हतं. पण मनातून ती हबकली होती, आणि त्याचं कारण कात्री नव्हतं. तिची थोरली बहीण मालन. मालन अशीच फिकट होत गेली, जिना चढताना अशीच मधे थांबायला लागली, आणि एका उन्हाळ्यात गेली. लोक नुसतं "रक्ताचा आजार" म्हणाले आणि आवाज खाली आणला. गेलं वर्षभर शालनही जिन्यावर मधे थांबत होती. नखं मधे खोलगट झाली होती, ओठांचे कोपरे चिरले होते, आणि मशीनच्या खणात रिळांच्या मागं पाटीवरच्या पेन्सिलींचा पुडा होता. कुणी नसलं की ती कडाकडा एक पेन्सिल खायची आणि तोंड पुसून पुन्हा मशीनवर बसायची. दुखणं उघड केलं तर त्याला नाव मिळेल, आणि नाव मालनचंच असेल, ही तिची भीती. म्हणून तिनं ते झाकून ठेवलं होतं.

आठ दिवसांत स्टीलनंही लोखंडाची री ओढली. ताट हाताला लागेना, तेव्हा ती पत्रावळीवर जेवायला लागली. दाराची कडी लागेना, तेव्हा दार लोटून त्याला पाटा लावायला लागली. एरवीही नवऱ्याचं झाल्यावरच ती जेवायची, त्यामुळे पत्रावळ कुणाला दिसली नाही. फोनवर मात्र लेकीनं तिला पकडलं. तेजश्री कराडला होती, सहावा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हटलं होतं, म्हणून माहेरानंच तिकडं जायचं ठरलं होतं.

"आई, तुला बोलताना पण दम लागतोय," तेजश्री म्हणाली.

"जिना चढून आले गं."

"तू फोन घेतलास तवापासनं बसलीयास. रक्त तपासून घे. न्हाईतर माझ्या बाळंतपणाला येऊच नगंस."

शालन दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेली.

लॅबमधल्या पोरीनं दंडाला रबर बांधलं, सुई घातली आणि बाहेर काढली. सुईला काही लागलं नव्हतं. तिनं दुसऱ्या हातावर करून पाहिलं. सुई आत जात होती, पण शालनला टोचत नव्हती.

"असू दे काकी, हल्ली लई बायकांचं असंच होतंय," पोरगी म्हणाली. तिनं टेबलाचा खण उघडून बाभळीचा एक लांबसडक काटा काढला, स्पिरिटनं पुसला आणि शिरेत घातला. रक्त आलं. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बादलीच्या तळाशी पाणी उरतं, तेवढंच ते लाल होतं.

डॉक्टर नसीम बागवान वयानं शालनएवढ्याच, केस मेंदीनं रंगवलेले, बोलणं तोडून टाकणारं पण नजर मायेची. त्यांनी रक्ताची बाटली एका ताटलीत ओतली. ताटलीत भाकऱ्या पडल्या. चिमुकल्या, पुरीपेक्षाही लहान, आणि मधोमध पांढऱ्याफटक.

"शालनताई, ह्या तुमच्याच."

"माझ्या हातची भाकरी ताटभर असतीया," शालन दुखावल्यासारखी म्हणाली.

"चुलीवरची असेल. रक्तातली बघा. ऐंशीच्या वर माप पाहिजे, तुमचं बासष्ट आहे. ह्याला आम्ही एमसीव्ही म्हणतो. तांबड्या पेशीचा आकार. आणि रंगाचं म्हणाल, तर हिमोग्लोबिन बाराच्या पुढं पाहिजे. सात पॉइंट चार आलंय."

"पीठच कमी पडलंय म्हणा की."

"पीठ नाही. चला, कोठी बघू."

वजनकाट्याच्या मागं एक दार होतं. डॉक्टरांनी ते उघडलं. आत खोली होती, आणि शालन आत पाऊल टाकील तसतशी ती पुढं पुढं लांबत होती. दोन्ही अंगांना फळ्या, फळ्यांवर डबे, आणि डबे सगळे उघडे नि रिकामे. शेवटच्या फळीवरच्या डब्यात चार खिळे होते.

"ही तुमची लोखंडाची कोठी," डॉक्टर म्हणाल्या. "फेरिटिन. ह्यात निदान तीस तरी पाहिजेत. तुमचे चार."

"खोली मात्र तुमच्या दवाखान्यात."

"दार इथं आहे. खोली तुमची आहे."

कोठीच्या तोंडाशी हमालांची रांग लागली होती. टॉवेलाची चुंबळ डोक्यावर, हात रिकामे, आणि रांगेचा शेवट दिसत नव्हता. पुढचा हमाल शालनकडे बघून म्हणाला, "काय काम हाय का?"

"एवढी माणसं कशाला ठेवलीत ओ?" शालननं विचारलं.

"तुम्हीच ठेवलीत. माल नसला की शरीर हमाल वाढवतं. एखादा खिळा आलाच तर तो हुकायला नको म्हणून. टीआयबीसी जास्त आलीय म्हणतात, ते हेच."

शालननं पदर तोंडाला लावला. विचारायचं ते आता विचारायलाच हवं होतं. "माझी भन अशीच पांढरी पडून गेली, डॉक्टर. हे तेच हाय का?"

डॉक्टर कोठीच्या चारी कोपऱ्यांत जाऊन आल्या. कोपऱ्यांत पांढऱ्या कपड्यांतले राखणदार उभे होते, त्यांची तोंडं त्यांनी एकेक निरखून पाहिली. मग भिंतीशी मांडी घालून बसलेल्या बायकांकडे गेल्या. त्या बायका भिंतीतली भोकं रफू करत होत्या, आणि त्यांचे हात एवढे सराईत होते की शालनही क्षणभर सगळं विसरून त्यांचा टाका बघत राहिली.

"पांढऱ्या पेशी जेवढ्या पाहिजेत तेवढ्या आणि जागच्या जागी," डॉक्टर परत येऊन म्हणाल्या. "प्लेटलेट्स भरपूर. तुमच्या बहिणीच्या आजारात हे असं दिसत नाही. हे ते नव्हे, शालनताई. लोखंड संपलंय, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

शालन खाली बसली आणि रडली. वर्षभर छातीवर ठेवलेला पाटा कुणीतरी काढून घेतला होता. रडता रडता तिला हसूही यायला लागलं, कारण लोखंड तर तिच्या घरी जिन्याखाली टनानं पडलं होतं.

"पाळी कशी येते?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता वय झालं न्हवं, धा-धा दिस चालती. कापड कितींदा बदलावं त्याला गणतीच न्हाई."

"वय झालं म्हणून एवढं जात नसतं. मागच्या दारानं जातंय हे सगळं." आणि खरंच, कोठीला मागं एक दार होतं, ते वाऱ्यानं वाजत होतं. "त्याची वेगळी तपासणी करू, ते दार आवळू. एरवी मी लोखंड सुईनंच दिलं असतं, पण सुई तुम्हाला ओळखेपर्यंत गोळ्याच घ्यायच्या. सकाळी, रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर."

शालन उठली. दारात थांबून तिनं विचारलं, "लेकीचं बाळ येणार हाय. त्याला उचलता येईल न्हवं मला?"

"बाळाच्या रक्तात लोखंड असतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्यात आलं की येईल."

आता गोळ्या घेण्यात चुकण्यासारखं ते काय? पण माणूस चुकतं ते नेमकं जिथं चुकण्यासारखं काही नसतं तिथंच. शालननं रिकाम्या पोटी म्हणजे रिकाम्या पोटीच गोळी घेतली. आधी भाकरीचा तुकडा नाही की बिस्किट नाही. फक्त चहा. चिरलेल्या ओठांना लिंबू झोंबायचं, आणि गोळी गिळायला काहीतरी घोट हवाच. आणि चहा म्हणजे काही खाणं नव्हे. एकादशीला चालतो, संकष्टीला चालतो, कडक उपासाला कुणी "काही घेतलं नाही" म्हणालं तर दोन कप चहा त्यात धरलेलाच असतो. तिच्या सासूनं रक्तदाबाची गोळी आयुष्यभर चहाच्या घोटाबरोबर घेतली आणि सुखानं डोळे मिटले. मग शालननं वेगळं का करावं? तिनं श्रद्धेनं गोळी आणि चहा, चहा आणि गोळी असं चालू ठेवलं आणि लोखंडाची वाट पाहत बसली.

लोखंड आलं नाही. उलट जिना गेला. एका दुपारी तिचा पाय पहिल्या पायरीतून घोट्यापर्यंत आत गेला, आणि बाकीची ती शेजारच्या भिंतीला धरून तरली. दिनकरनं कुठूनतरी बांबूची शिडी आणली आणि आपल्याच जिन्याला टेकवून उभी केली. येणारं-जाणारं गिऱ्हाईक त्या शिडीकडे बघून त्याच्याकडे बघायचं, आणि तो खाली मान घालून ग्राइंडर चालू करायचा.

सातव्या महिन्यात लेकीचं डोहाळजेवण निघालं. शालननं अळिवाचे लाडू केले, डिंकाचे केले, पिशवी भरली आणि कराडच्या बसमध्ये खिडकीशी जाऊन बसली. कंडक्टरनं घंटी वाजवली. बस निघाली. शालन निघाली नाही. बसचं मागचं अंग तिच्यातून पुढं सरकत गेलं, पत्रा, सीट, शेवटची खिडकी, आणि मग ती रस्त्याच्या मधोमध, सीटच्या उंचीवर, मांडीवर पिशवी घेऊन क्षणभर तशीच बसून राहिली. मग हळूच खाली आली.

"काकी, पुढची गाडी अर्ध्या तासानं हाय," पानपट्टीवाला म्हणाला.

"ती बी अशीच जाईल रे बाबा," शालन म्हणाली. ती फूटपाथवर जाऊन बसली, आणि रडू येऊ नये म्हणून तिनं पिशवीतला एक अळिवाचा लाडू खाल्ला. स्वतःच्या बाळंतपणानंतर अळीव तिच्या तोंडात पडलाच नव्हता. ते बाळंतिणीचं खाणं, आपण कसं खायचं?

त्या संध्याकाळी दिनकर शेजारी येऊन बसला. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि हात पाठीतून आत जाऊन छातीतून बाहेर आला. त्यानं तो सावकाश मागं घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"गार लागलं काय?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मला लागलं."

शालननं बोटांवर मोजलं. लोखंड झालं, स्टील झालं, आता माणसं. म्हणजे बाळही असंच. लेक बाळ पुढं करणार, आपण हात पसरणार, आणि बाळ हातांतून खाली. तिनं लेकीला फोन करून सांगून टाकलं, की मला यायला जमणार नाही. कारण विचारल्यावर म्हणाली, ब्लाऊज लई आल्यात. तेजश्रीनं फोन ठेवून दिला, आणि ते शालनला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झालं, वरचा चहा झाला, आणि ती पिठाचा प्लॅस्टिकचा डबा सरकवायला गेली तर डब्याच्या मागं ते दार होतं. दवाखान्यातलंच. आज ते अर्धवट उघडं होतं, आणि आतून आल्याचा, वेलदोड्याचा वास येत होता.

आत हमाल तसेच उभे होते, पण एकाच्या हातात खिळा होता. जेवणातला असावा. तो कोठीकडे निघाला होता. कोठीच्या तोंडाशी पाटावर एक तपकिरी शर्टाचा गृहस्थ पाय पसरून बसला होता. कॉलरमधून वाफ निघत होती आणि कोपरातून थेंब थेंब गळत होतं. बसला असा होता, जसा घरचाच.

"द्या हिकडं, मी धरतो," त्यानं हमालाला म्हटलं. हमालानं खिळा दिला. गृहस्थानं तो वरच्या खिशात टाकला. मग दुसरा हमाल आला, त्याच्या हातात डॉक्टरांची गोळी होती. "द्या, मी धरतो." तीही खिशात गेली.

शालन त्याला ओळखून होती. कोण ओळखणार नाही? लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं त्याला एकदाही नको म्हटलं नव्हतं.

"पाहुणं, कवापासनं बसलायसा?"

"तुमी बोलवलं तवापासनं."

"आन जायचं कवा?"

"दिवसातनं पाच-सा डाव बोलवतासा. सकाळी उठल्या उठल्या, जेवल्या जेवल्या. जायचं कवा, तुमीच सांगा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यात खोटंही काही नव्हतं.

"खिशातलं ते ठेवून जावा मग."

"ते कुठलं आता? माझ्यात विरघळलं ते."

शालन उभी राहिली. इकडच्या बाईला तुम्ही डोंगर फोडायला सांगा, ती फोडेल. पण आलेल्या पाहुण्याला ऊठ म्हण म्हणून सांगा, तिची जीभ टाळ्याला चिकटते. तिची चिकटली. पाठीतून गेलेला दिनकरचा हात तिला आठवला. फोन ठेवून दिलेली लेक आठवली. तिनं पदर खोचला.

"पाहुणं, राग मानू नगा. पण सकाळच्या पारी येऊ नगा. जेवणाच्या वक्ताला बी येऊ नगा."

गृहस्थानं पसरलेले पाय आखडून घेतले.

"मग कवा येऊ?"

"चार वाजता या."

"चाराला आलं घालणार न्हवं?"

"घालते की. न घालून कसं चालंल?"

"मग ठीक हाय," तो म्हणाला, उठला, पाट भिंतीला उभा करून ठेवला आणि ओल्या पावलांनी निघून गेला.

त्यानंतर शालननं लिंबूपाण्याबरोबर गोळी घेतली. ओठ झोंबले, पण झोंबू दे म्हणाली. गोळीनं पोट जड व्हायचं, सकाळी शौचाला काळं व्हायचं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून ती घाबरली नाही. मागच्या दाराचीही तपासणी झाली, औषध चालू झालं, आणि दार वाजायचं हळूहळू थांबलं. दिनकरला तिनं जेवताना सांगितलं, की नॉनस्टिक आल्यावर घरातला लोखंडी तवा भंगारात गेला, तसा पुन्हा पाहिजे. तो हूं म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेटाचं काम बाजूला ठेवून दुपारभर त्यानं पत्रा ठोकला, आणि संध्याकाळी शिडीवरून चढून चुलीवर तवा ठेवून गेला. अळिवाचा एक लाडू रोज तिचा. आणि रोज चारला ती आल्याचा चहा ठेवायची, कारण शब्द दिला होता.

पुन्हा रक्त द्यायला गेली तेव्हा लॅबच्या पोरीनं काटा काढायला खण उघडला.

"सुईनंच बघ बाई एकदा," शालन म्हणाली.

सुई आत गेली. "आई गं!" शालन एवढ्यानं ओरडली की बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली.

"लई दुखलं का काकी?"

"दुखलं गं माझी बाय," शालन म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "लई दुखलं."

हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं होतं. कोठीत अठरा खिळे होते. डॉक्टर बागवान म्हणाल्या, अजून पुष्कळ महिने गोळ्या सोडायच्या नाहीत, कोठी भरायला वेळ लागतो. घरी येऊन शालननं बांबूची शिडी बाजूला केली आणि जिन्यावर पाय ठेवला. पायरी घट्ट होती, उन्हानं तापलेली होती, चटका बसला. खाली दिनकरनं ग्राइंडर बंद केला. ती सगळा जिना चढून गेली आणि मधे कुठं थांबली नाही. वरून तिनं खाली पाहिलं, तेव्हा तो डोळ्यांवरचा चष्मा काढून शर्टानं पुसत होता, आणि चष्मा स्वच्छच होता.

पहाटे कराडहून फोन आला. मुलगी झाली होती. शालन पिशवी घेऊन बसमध्ये बसली. घंटी वाजली, बस निघाली, आणि शालनसकट निघाली.

वॉर्ड लांबलचक होता. तेजश्रीची कॉट दाराजवळ होती, पण बाळ पलीकडच्या भिंतीशी, चाकांच्या लोखंडी पाळण्यात होतं. तिथं तसेच पुष्कळ पाळणे ओळीनं उभे होते. तेजश्री झोपाळलेल्या डोळ्यांनी आईकडे बघत म्हणाली, "आलीस? ब्लाऊज शिवून झालं का?"

"जळ्ळं ते ब्लाऊज," शालन म्हणाली. लेकीचा हात तिनं हातात घेतला, आणि हात हातात राहिला.

"घ्या की विहीणबाई नातीला," तेजश्रीच्या सासूबाई म्हणाल्या.

शालन कॉटपाशीच उभी होती. पाय पुढं होईना. जिना झाला, बस झाली, लेकीचा हात झाला, पण एवढंसं बाळ, त्यात असून असून लोखंड ते किती असणार? तिनं पदराला हात पुसले आणि नुसते पसरले.

भिंतीशी एक चाक कुरकुरलं. नातीचा पाळणा जागचा हलला, कुणी लोटला नसताना फरशीवरून सावकाश सरकत आला आणि तिच्या पोटाला येऊन टेकला. शालन वाकली आणि तिनं बाळ उचललं. त्याचं वजन हाताला लागलं. ते गरम होतं, आणि चांगलं जड होतं.

"आई," तेजश्री कॉटवर उठून बसली. "मागं बघ."

भिंतीकडचे बाकीचे लोखंडी पाळणेही, आतल्या बाळांसकट, ओळख पटल्यासारखे एकामागोमाग एक शालनच्या दिशेनं निघाले होते.